भांगापासून उधाणापर्यंत: कोकणच्या कालवांचा जमाखर्च

वैशाख वद्य अष्टमी, रत्नागिरी

रत्नागिरीत उतरले ती अष्टमी होती, म्हणजे ऐन भांगाचे दिवस, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो ते. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब ढोबळमानाने आजही खरा ठरतो. आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी भर दुपारी बाराला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे वेळापत्रक बदलते आणि खडपे, म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, पहाटे व सायंकाळी उघडी पडतात. कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या ऑयस्टर शिंपल्यांच्या, दृष्टीने या फरकाला फार मोठा अर्थ आहे. भांगाची भरती पुरती चढत नाही, त्यामुळे खडपाच्या वरच्या पट्ट्यातल्या कालवांपर्यंत पाणी जेमतेम पोहोचते किंवा पोहोचतच नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत ओहोटीच्या वेळी सूर्य डोक्यावर असतो.

दुपारी मिऱ्या डोंगराच्या पायथ्याशी खडपावर गेले. काळ्या दगडावर हात टेकवत नव्हता. पाण्यापासून वर चढत जावे तसे कालवांचे रूप बदलत होते. खाली, जवळजवळ रोज बुडणाऱ्या पट्ट्यात ती तळहाताएवढी आणि कडेने पातळ होती, तर वरच्या पट्ट्यात अंगठ्याच्या पेराएवढी, जाड कवचाची आणि एकमेकांना खेटून बसलेली. कालवाचे डावे कवच खोलगट असते आणि ते दगडाला कायमचे चिकटलेले असते, उजवे चपटे कवच झाकणासारखे उघडते-मिटते. लहानपणी एकदा जागा धरली की कालव तेथून हलत नाही. अन्न शोधायला जाणे नाही, सावलीला सरकणे नाही. पाण्याने जे आणून दिले ते घ्यायचे आणि जे सोसवत नाही त्यापुढे कवच मिटायचे, एवढेच त्याच्या हाती असते. या प्रवासात मला पाहायचे होते ते हेच, की उघडण्या-मिटण्याच्या या दोनच क्रियांवर एक प्राणी बदलत्या समुद्रात आपला निभाव कसा लावतो.

मिटलेले कालव विश्रांती घेत असते, हा समज बरोबर नाही. कवच मिटून धरणाऱ्या स्नायूचे दोन भाग असतात. एक अर्धपारदर्शक भाग झटकन कवच बंद करतो आणि दुसरा पांढरा भाग ते तासन् तास, वेळ पडल्यास कित्येक दिवस, अगदी थोड्या ऊर्जेत धरून ठेवतो. तेवढ्यापुरता खर्च कमी. परंतु आत कोंडलेल्या थोड्याशा पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि मग प्राणवायूवाचून ऊर्जा काढावी लागते. कालव हृदयाची गती उतरवते, एकूण चयापचय अगदी खाली आणते आणि साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे अंगातला पिष्टमय साठा, वापरू लागते. या मार्गाने साठ्याच्या एका कणातून मिळणारी ऊर्जा प्राणवायूसह मिळणाऱ्या ऊर्जेचा लहानसा अंश असते, शिवाय सक्सिनिक आम्लासारखी आम्ले अंगात साचतात. ती निष्प्रभ करायला कालव आपल्याच कवचातला चुना थोडा थोडा विरघळवते. म्हणजे मिटून राहण्याची किंमत मांसातूनही जाते आणि घरातूनही.

उन्हात ही किंमत वाढते. कालवाला स्वतःचे तापमान राखता येत नाही, दगड जेवढा तापतो तेवढे ते तापते, आणि साधारण दहा अंश तापमान वाढले की शरीरातल्या क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. खाणे बंद आहे आणि खर्चाचा वेग मात्र वाढतो आहे, अशी ही अवस्था असते. त्यातच उष्णतेने बिघडलेली प्रथिने सावरण्यासाठी खास रक्षक प्रथिने तयार करावी लागतात, तोही खर्चच. वरच्या पट्ट्यातली कालवे ठेंगणी का राहतात, याचे उत्तर मला त्या तापलेल्या दगडावरच मिळाले.

संध्याकाळी मत्स्यशास्त्र शिकवणारे एक स्नेही भेटले. रत्नागिरीत या विषयाची परंपरा जुनी आहे. झाडगावचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र 1958 पासूनचे, तर शिरगावचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासूनचे. त्यांनी माझ्यासमोर दोन कालवे उघडली, एक भरतीच्या पाण्यातून नुकतेच काढलेले आणि दुसरे सकाळपासून कोरडे राहिलेले. पहिल्याच्या जठरालगतच्या पिशवीतून त्यांनी चिमट्याने एक काडी अलगद ओढून काढली. ती काचेसारखी पारदर्शक, किंचित पिवळसर आणि लवचीक होती. हा स्फटिकदंड. पिशवीतल्या सूक्ष्म केसांमुळे तो गोल फिरत राहतो, जठराच्या एका कठीण भागावर घासला जातो आणि झिजता झिजता त्यातून पिष्टमय पदार्थ पचवणारे विकर सुटते. बशीत ठेवल्यावर त्याची कड पाहता पाहता ढिली पडू लागली. दुसऱ्या कालवात पिशवी होती, पण दंड नव्हता. चिमट्याला लागला तो थोडा चिकट द्रव. खाणे थांबल्यावर काही तासांत दंड विरघळतो आणि पाणी परतले की पुन्हा घडवावा लागतो. भरती आली म्हणजे लगेच जेवण सुरू झाले असे होत नाही, आधी पचनाची साधने उभी करावी लागतात आणि त्यालाही ऊर्जा लागते.

नवमी, भाट्ये

भाट्याच्या खाडीचे गढूळ पाणी दोन सारख्या काचेच्या भांड्यांत भरले. एकात तीन कालवे ठेवली, दुसरे तसेच ठेवले. पहिला बराच वेळ काहीही घडले नाही. मग एका कालवाचे झाकण काडीच्या जाडीएवढे उघडले आणि फटीच्या कडेने आवरणाची काळसर झालर दिसू लागली. स्नेह्यांनी ड्रॉपरने फटीजवळ थोडे रंगीत पाणी सोडले. ते एका बाजूने सरळ आत ओढले गेले आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने फिकट होऊन बाहेर पडले.

ही ओढ कल्ल्यांची. कालवाचे कल्ले श्वसनापुरते नसतात, ते गाळणी आणि पंप या दोन्हींचे काम करतात. त्यांच्यावरच्या पक्ष्माभिका, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे हलते केस, तीन प्रकारे कामे वाटून घेतात. काही पाणी ढकलतात, काही कण अडवतात आणि काही अडवलेले कण बुळबुळीत द्रवात गुंतवून कल्ल्यांच्या कडेच्या खोबणींतून तोंडाकडे नेतात. मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढे आणि त्याहून मोठे कण चांगले अडकतात, त्याहून बारीक असतील तर बरेचसे निसटतात. मोठ्या कालवाला अनुकूल पाण्यात तासाला काही लिटर पाणी गाळता येते.

तोंडापाशी ओठांसारख्या दोन जोड पाळ्या असतात आणि माझ्या मते कालवाच्या शरीरातली सर्वांत विचार करायला लावणारी जागा हीच आहे. येथे निवड होते. सूक्ष्म शेवाळ, डायटम, खारफुटीच्या कुजलेल्या पानांचे कण एकीकडे, निव्वळ माती दुसरीकडे. निवड नेमकी नसते, परंतु नाकारलेल्या भागात मातीचे प्रमाण जास्त राहते एवढी ती परिणामकारक असते. नाकारलेला गाळ द्रवात बांधून, जठरात न जाताच, बाहेर टाकला जातो. अर्ध्या तासानंतर आमच्या भांड्यात ते दिसू लागले. फटीच्या एका कोपऱ्याशी मऊ राखाडी गोळा जमत गेला, मग कालवाने कवच एकदम आपटले आणि पाण्याच्या त्या झोताबरोबर गोळा बोटभर लांब जाऊन पडला. पचून बाहेर येणारी विष्ठा निराळी ओळखता येते, ती फितीसारखी आणि बांधीव असते. दुपारपर्यंत कालवांच्या भांड्याआडून वर्तमानपत्रातला मजकूर वाचता येऊ लागला. दुसऱ्या भांड्यात गाळ थोडा बसला होता, पण पाणी धूसरच होते.

पाण्यात अन्न जितके जास्त तितके खाणे जास्त, असे एका मर्यादेपर्यंतच घडते. त्यापुढे पोट आणि पचन यांचा वेग आड येतो, खाणे एका पातळीवर स्थिरावते आणि उरलेले सारे नाकारण्यात जाते. गाळ फार झाला तर नाकारण्याचेच काम एवढे वाढते की द्रव तयार करण्याचा खर्च अन्नाच्या प्राप्तीला खाऊ लागतो.

दशमी, सागरी महामार्गाने

दिवस प्रवासात गेला. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगडची खाडी, आडिवरे, जैतापूर आणि पुढे विजयदुर्ग. आंब्याचा हंगाम सरत आला होता. प्रत्येक खाडीवर गाडी पुलावर चढली की मी दोन्ही कडांना पाहत होते. मुचकुंदीच्या मुखाशी कातळाला, आत शिरल्यावर खारफुटीच्या मुळांना आणि पुलांच्या खांबांनाही कालवांचा पांढुरका पट्टा होता. त्याची वरची कड पाहिली की भरतीचे पाणी साधारण कोठवर आणि किती वेळ थांबते याचा अंदाज बांधता येतो.

शास्त्रज्ञांनी कालवाचा हिशेब दोन प्रकारे मांडला आहे. जुनी रीत सरळ वजाबाकीची आहे. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा घ्यायची, त्यातून न पचता गेलेली, उत्सर्जनात गेलेली आणि श्वसनात जळलेली ऊर्जा वजा करायची. जे उरेल ते वाढीला आणि प्रजननाला. उरलेले शून्याखाली गेले तर प्राणी स्वतःचा साठा खातो आहे असे समजायचे. दुसरी रीत नेदरलँड्सचे सेबास्तियान कोइमान यांनी 1979 पासून उभी केली. तिच्यात अन्न आधी साठ्यात जाते आणि साठ्यातून निघालेल्या ऊर्जेचा एक ठराविक वाटा शरीर राखण्याला व वाढीला, तर उरलेला वाटा प्रौढत्व आणि प्रजननाला मिळतो. शरीर राखण्याचा खर्च मात्र सर्वांआधी भागवावा लागतो. पॅसिफिक कालवावर ही मांडणी युरोपात पुष्कळ वापरली गेली आहे. मला दुसरी रीत कोकणासाठी अधिक योग्य वाटते, कारण ती साठ्याला मध्यभागी ठेवते. ज्या किनाऱ्यावर चार महिने पाण्याचे रूपच पालटते, तेथे आज काय खाल्ले यापेक्षा साठ्यात काय आहे हा प्रश्न मोठा असतो.

एकादशी, विजयदुर्ग

वाघोटन खाडीच्या मुखाशी सकाळी पाणी मोजले. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचे आणि उजेडाकडे धरून आतली निळी-पांढरी रेघ कोठे येते ते वाचायचे. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे 35 भाग क्षार असतात. वैशाखअखेर खाडीत गोडे पाणी जवळजवळ येत नाही आणि ऊन पाणी आटवत असते, त्यामुळे आतल्या उथळ भागात रेघ 35 च्याही किंचित वर गेली. या दिवसांत किनाऱ्याच्या समुद्राचेही तापमान तीस अंशांच्या आसपास असते.

कोमट पाण्यात पक्ष्माभिका जलद हलतात आणि गाळण्याचा वेग वाढतो, परंतु हा वेग एका तापमानापाशी शिखर गाठून उतरू लागतो. श्वसनाचा खर्च मात्र त्या शिखरापलीकडेही चढतच राहतो. दोन्ही रेषांमधले अंतर म्हणजे कालवाची शिल्लक. आपली कालवे पिढ्यान् पिढ्या उष्ण पाण्यात राहिलेली आहेत, ती युरोपातल्या कालवांपेक्षा अधिक ऊन सोसतात हे खरे. पण याचा दुसरा अर्थ असा, की ती आपल्या वरच्या मर्यादेच्या जवळ जगत आहेत. अरबी समुद्र तापतो आहे. थंड देशातल्या कालवाला पाण्याचा एक जादा अंश कदाचित मानवेल, वैशाखातल्या खाडीत मात्र त्या एका अंशाने ही शिल्लक आणखी कमी होते.

द्वादशी, आचरे

देवगड, कुणकेश्वर, मिठबाव करत दुपारी आचऱ्याला आले. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने किनारी जैवविविधतेचा जो प्रकल्प झाला, त्यात कालवपालनाचे प्रयोग झाले होते. नंतर कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या उपजीविका योजनेतही कालवपालन आले. एका खाडीतल्या महिला बचत गटाचा तराफा पाहायला मी गेले होते. बांबूंची चौकट, तिला बांधलेले रिकामे पिंप आणि खाली सोडलेल्या दोऱ्या. दोऱ्यांवर ओवलेल्या जुन्या शिंपल्यांना कालवाची पिल्ले चिकटतात आणि वाढतात.

खडपावरच्या आणि तराफ्यावरच्या कालवात मूळ फरक वेळेचा. तराफा भरतीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे दोरीवरचे कालव दिवसाचे चोवीस तास पाण्यात राहते आणि त्याला मिटून बसण्याचे कारण क्वचितच येते. वाढ साहजिकच लवकर होते. परंतु काही कालवपालक मुद्दाम दोऱ्या अधूनमधून उन्हावाऱ्यात काढून ठेवतात. त्याने कवचावर बसलेले इतर जीव मरतात आणि कालवाचा मिटून राहण्याचा स्नायूही घट्ट होतो, म्हणून बाजारात नेताना ते तोंड उघडून पाणी सांडत नाही.

गटातल्या वडीलधाऱ्या काकींनी होडीतच एक दोरी वर ओढली आणि कोयत्याच्या टोकाने एक कालव उघडून माझ्यापुढे धरले. मांस दुधी पांढरे आणि कवच भरून होते. नखाने किंचित दाबले तरी पाणी सुटले नाही. हा पांढरेपणा ग्लायकोजेनचा आणि पिकत आलेल्या अंड्यांचा किंवा वीर्याचा. "बाय, आता बघ, भरलेला आसा," त्या म्हणाल्या, "पावस लागलो की कालवां पात्तळ जातत, चव ऱ्हवणा नाय." गटाचा नेम असा, की पाऊस जोर धरण्याआधी बहुतेक काढणी उरकायची.

त्यांच्या ओसरीवर त्या दिवशी सुके बांगडे, आमसुले आणि पापड यांची बांधाबांध चालली होती. कोकणातल्या घराची आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठी केलेली बेगमी, आणि कालवाचे ग्लायकोजेन यांत मला काही अंतर दिसले नाही. दोघेही उघडिपीच्या महिन्यांत साठवतात आणि झडीच्या महिन्यांत त्यावर तगतात. एकदा असे पाहिले की कालवाच्या पावसाळ्यातल्या मरणाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. गोड्या पाण्याने कालवे मेली, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. तेच गोडे पाणी दरवर्षी येते आणि काही वर्षी पुष्कळ कालवे वाचतात, काही वर्षी थोडी. खाडीत पूर किती दिवस राहिला यावर ते अवलंबून असतेच, पण आश्विनापासून वैशाखापर्यंत त्यांनी किती साठवले यावरही तितकेच अवलंबून असते. म्हणून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खाडीचे जे केले जाते त्याचा परिणाम आषाढ-श्रावणात दिसतो, आणि तोवर मूळ कारण सर्वजण विसरलेले असतात.

त्रयोदशी, आचरे

पहाटेपासून पाऊस. वळिवाची सर नव्हे, दिवसभर धार लागलेली. खाडीवर जाता आले नाही.

गोडे पाणी खाडीत शिरले की कालव पहिल्यांदा मिटते. आतले कोंडलेले पाणी खारे असते, त्याच्या आधाराने काही काळ निघतो. पण कालवाच्या रक्ताची क्षारता बाहेरच्या पाण्याप्रमाणेच बदलते, माशासारखी ती राखण्याची सोय त्याच्यापाशी नाही. म्हणून पाणी बराच काळ गोडे राहिले आणि उघडावेच लागले, तर पेशी पाणी ओढून फुगू नयेत यासाठी त्यांतली टॉरिन, ग्लायसिन, अलानिन यांसारखी मोकळी अमिनो द्रव्ये कमी करावी लागतात. कालवाच्या मांसाची चव मोठ्या प्रमाणात याच द्रव्यांची असते. पावसाळी कालव बेचव लागते ते यामुळे. पाणी पुन्हा खारट झाले की ही द्रव्ये परत जमवायची. दोन्ही वेळा खर्च होतो. क्षारता सावकाश उतरली तर कालव जुळवून घेते, दर चार दिवसांनी वर-खाली होत राहिली तर जुळवून घेण्यातच ते झिजते.

त्यात एक अडचण आणखी आहे. क्षारतेतल्या बदलाने पिकलेल्या कालवांना अंडी व वीर्य सोडण्याची चालना मिळते. साठ्याचा मोठा भाग त्यात एकदम निघून जातो आणि कालव पातळ होते. ज्या वेळी साठ्याची गरज सर्वांत जास्त, त्याच सुमारास तो पुढच्या पिढीवर खर्ची पडतो. याला निसर्गाची चूक म्हणता येणार नाही, कारण खाडीत पावसाबरोबर येणारी पोषक द्रव्ये पुढे जे सूक्ष्म शेवाळ वाढवतात त्यावरच नवी पिल्ले जगतात.

चतुर्दशी, आचरे

सकाळी पावसाने उघडीप दिली आणि होडी मिळाली. तराफ्यापाशी पृष्ठभागावरचे पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर 16 दाखवत होते. दोरीला वजन आणि बूच लावलेली बाटली तळाशी सोडून, बूच ओढून पाणी भरून घेतले, तर तेथे 31. गोडे पाणी हलके, ते वर तरंगत समुद्राकडे जाते आणि जड खारे पाणी तळाने आत घुसलेले असते. एकाच दोरीवरची वरची कालवे मिटलेली आणि खालची उघडी, असे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिले. वरून हात घातला तेव्हा कवचे गच्च बंद होती, तर दोरी संथपणे ओढताना शेवटच्या शिंपल्यांवरची कालवे वर येता येता पटापट मिटली.

पाण्याचा रंग तांबडा होता. जांभ्या दगडाच्या मुलखात पहिल्या पावसाची माती खाडीत येणारच आणि कालवांना ती नवी नाही. परंतु वरच्या अंगाला डोंगरउतार कापून सोडलेला असेल किंवा खाडीचा तळ वाळूसाठी सक्शन पंपाने खरवडला जात असेल, तर गाळ पावसाळ्यापुरता राहत नाही. अशा एका खाडीच्या काठी मी पूर्वी राहिले आहे. तेथे माघातही पाणी पिठुळ असे. वाळू उपसणाऱ्याला वाटते, कालवे तर जिवंत आहेत, मग बिघडले काय? बिघडते ते हे, की साठवण्याच्या महिन्यांत त्यांचा वेळ गाळ नाकारण्यात जातो, पोटात गेलेल्या घासातही मातीच जास्त असते, आणि आगोट रिकामी ठेवून ती पावसाळ्यात शिरतात. कांदळवन तोडणे आणि खाडीला बांध घालून भरतीचा ओघ अडवणे, यांचाही परिणाम याच वाटेने होतो. एकाने अन्न कमी होते, दुसऱ्याने अन्न आणणारे पाणी. मला हे फार लागते, कारण नुकसानभरपाईच्या कोणत्याही पंचनाम्यात हे कधी येत नाही.

अमावास्या, मालवण

पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटेची ओहोटी संध्याकाळच्या ओहोटीपेक्षा खोल जाते, त्यामुळे बायका झुंजूमुंजू होण्याआधीच खडपावर आल्या होत्या. मालवणचा हा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. खडपावर कालवे फोडणाऱ्यांची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी. उजव्या हातात टोकदार लोखंडी हत्यार, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या, आणि शेजारी गोडे पाणी न लागू देता ठेवलेले भांडे. वरचे झाकण तेवढे उडवायचे, मांस काढायचे आणि खालचे कवच दगडालाच राहू द्यायचे. या राहिलेल्या कवचावर पुढची पिल्ले बसतात, म्हणून सबंध खडप खरवडून नेण्यापेक्षा ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

आदल्या दिवसांच्या पावसाचा येथे फारसा परिणाम नव्हता. मोकळ्या समुद्राच्या तोंडावर पाणी 34 होते आणि वाट्यावर विकायला मांडलेले मांस अजून भरलेले होते. येथली कालवे खाडीतल्यांपेक्षा हळू वाढतात, कारण येथे अन्न विरळ आणि लाटांचा मारा जास्त. पण पावसाळ्यात त्यांना मिटून राहावे लागते तेही कमी. 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद झाली होती, त्यामुळे बाजारात कालवांना मागणी चढी होती. पुढे श्रावणानंतर आपल्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात खालचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. उथळ खडपावर लाटांनी हवा मिसळत राहत असल्याने त्याचा त्रास थोडा, खोल सोडलेल्या दोऱ्यांना मात्र तो जाणवू शकतो.

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा, पुन्हा आचरे

गटाची बैठक तराफ्याच्या काठावरच बसली. काढणी उरकायची हे ठरलेलेच होते. प्रश्न होता पुढच्या पिल्लांसाठी राखायच्या दोऱ्यांचा, म्हणजे त्या कोठे आणि किती खोल ठेवायच्या. मी चतुर्दशीचे दोन्ही आकडे सांगितले. तळाला खारे पाणी असले तरी दोऱ्या थेट तळाशी नेऊ नयेत, कारण तेथे गाळ बसतो आणि प्राणवायूही कमी असतो, असे माझे मत होते. काकींचे म्हणणे, तराफाच खाडीच्या मुखाकडे शंभर वावांवर न्यावा, तेथे भरतीचे पाणी पुराच्या दिवसांतही पोहोचते. मात्र मुखाशी लाट आणि वाहून येणारे ओंडके यांची भीती होती. शेवटी अर्ध्या दोऱ्या आहेत तेथेच हातभर खाली सोडायच्या आणि अर्ध्या, भरलेल्या कालवांच्या, मुखाकडच्या वळणाच्या आडोशाला बांधायच्या असे ठरले. लहान आणि पातळ कालवांच्या दोऱ्या राखण्यात अर्थ नाही, त्या पावसाळा काढणार नाहीत, यावर दुमत नव्हते. गटातल्या एका मुलीने रिफ्रॅक्टोमीटर ठेवून घेतला. दर एकादशीला आणि अमावास्या-पौर्णिमेला वरचे व तळाचे पाणी मोजायचे, आणि दर महिन्याला प्रत्येक ठिकाणचे एक कालव उघडून मांस भरलेले आहे की पातळ ते वहीत लिहायचे, हे तिने मान्य केले. दुपारी भरती पुरती चढली तशी पहिली दोरी सोडली गेली.